कायोटीसाठी काडतूस: लॅरमीच्या नोंदी

१४ सप्टेंबर २०२४

अमेरिकेत, वायोमिंगातल्या लॅरमीच्या उत्तरेला मेंढ्यांची रँच असलेल्या एका आजोबांशी आज बोलणं पक्कं झालं. मे महिन्यात त्यांच्याकडे कोकरं होतात, आणि नेमकी तेव्हाच कायोटींच्या (लांडग्या-कोल्ह्यांच्या कुळातलं इथलं जनावर) बिळांतही पिल्लं वाढत असतात. सगळ्यात जास्त कोकरं त्या आठवड्यांत जातात. हिवाळ्यात कायोटीच्या शिकारीला येऊन बसायची परवानगी त्यांनी दिली, अट एकच घातली: "पांढरं काही दिसलं की चापावरचं बोट काढायचं." पांढरे म्हणजे त्यांचे ग्रेट पिरनीज जातीचे राखणदार कुत्रे. रात्रंदिवस कळपातच असतात.

साताऱ्याला बाबांना फोनवर सांगितलं, तर त्यांचा पहिला प्रश्न: "रात्री वाघर लावत नाहीत का रे तिकडे?" वाघर म्हणजे रात्री कळपाभोवती लावायची जाळी; माणदेशातल्या धनगरांचे वाडे त्यांनी लहानपणापासून पाहिलेत. इथे एकेक कळप मैलोनमैल पसरलेल्या कुरणावर चरतो. वाघर लावणार कुठे?

कायद्याची बाजू आधी नोंदवतो, कारण भारतातले मित्र हेच आधी विचारतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे कोल्हा काय, खोकड काय, कुणाचीही शिकार हा गुन्हा. वायोमिंगात कायोटी आणि रेड फॉक्स हे दोघंही कायद्याने 'भक्षक प्राणी' या वर्गात मोडतात. त्यांना हंगाम नाही, शिकारीच्या परवान्याचीही गरज नाही; खाजगी जमिनीवर मालकाची परवानगी मात्र हवीच. स्विफ्ट फॉक्स वेगळा. तो संरक्षित आहे आणि याच गवताळ पट्ट्यात राहतो. बंदुकीचं म्हणाल, तर कामाच्या व्हिसावर असलेल्यांना ती बाळगायला संघराज्य कायद्याची मनाई आहे. शिकारीच्या परवान्यासारखे अपवाद आहेत, पण मी ग्रीन कार्ड हातात पडेपर्यंत थांबलो.

या नोंदींचा विषय शिकार नाही, काडतूस आहे. माझ्या रायफलीत कोणतं काडतूस चालवायचं, हे पहिला बर्फ पडायच्या आत ठरवायचंय.

२१ सप्टेंबर

रायफल सेकंडहँड. बोल्ट अॅक्शन, .२२३ रेमिंग्टन, नळी २२ इंच. हे काडतूस १९६४ पासून बाजारात आहे. या कामाला .२२-२५० जास्त जोरकस, .२४३ वाऱ्यात जास्त भारी. तरी .२२३ च का? दुकानात सगळ्यात जास्त प्रकार याचेच मिळतात, धक्का इतका कमी की गोळी लागताना दुर्बिणीतून दिसते, आणि सरावाला परवडतं. बास.

नळीवर '.२२३' एवढंच कोरलंय. म्हणजे लष्करी ५.५६ ची काडतुसं यात घालायची नाहीत. बाहेरून दोन्ही जुळी दिसतात, पण ५.५६ मध्ये दाब जास्त असू शकतो आणि त्या चेंबरचा (नळीत काडतूस बसतं ती जागा) घसाही वेगळा कापलेला असतो. उलटं चालतं, हे चालत नाही.

मग नळीचा पीळ मोजला, म्हणजे आतले सर्पिल आटे किती इंचांत एक फेरा घेतात ते. सफाईच्या सळईला घट्ट फडकं लावलं, मुठीजवळ चिकटपट्टीचा छोटा झेंडा केला आणि सळई हळूहळू आत ढकलली. आटे फडक्याला धरून फिरवतात, तसा झेंडाही फिरतो. त्याचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत सळई आत किती गेली ते मोजायचं. ९ इंचाला सुतभर कमी आलं. म्हणजे १:९.

हा आकडा हाती नसताना काडतुसं विकत घेणं म्हणजे पायाचं माप न घेता चपला घेणं. गोळी लांब असेल तर तिला स्थिर ठेवायला पीळ घट्ट लागतो. लोक वजनावरून बोलतात, पण खरा हिशेब लांबीचा असतो. १:१२ च्या जुन्या नळ्या ५५ ग्रेनपर्यंत ठीक असतात. १:९ मध्ये ६९ ग्रेनची मॅच (नेमबाजीच्या स्पर्धेची) गोळी सहसा बसते. ७७ ग्रेनला १:८ किंवा त्याहून घट्ट पीळ बरा. लॅरमी ७,२०० फुटांवर आहे, इथली हवा विरळ, त्यामुळे स्थिरतेला थोडी मदतच होते. (एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम. ५५ ग्रेनची गोळी साडेतीन ग्रॅमची, पावलीपेक्षा थोडी जड.)

२९ सप्टेंबर

सहा प्रकार आणले. कंपन्यांची नावं मुद्दाम लिहीत नाही. माझ्या नळीला जे रुचलं नाही ते तुमच्या नळीत उत्तम चालू शकतं, आणि नाव लिहिलं की वाचणारा फक्त नावच लक्षात ठेवतो.

क: ५५ ग्रेन, पूर्ण तांब्याच्या आवरणाची साधी गोळी, घाऊक डब्यातली. ख: ५५ ग्रेन, प्लास्टिकच्या टोकाची, डब्यावर वेग सेकंदाला ३,२४० फूट. ग: ५३ ग्रेन, तसंच टोक पण आकार निमुळता, वेग ३,४६५. घ: ४० ग्रेन, प्लास्टिकचं टोक, साडेतीन हजारांच्या वर. च: ६९ ग्रेन मॅच, टोकाला बारीक भोक, मागून होडीसारखी निमुळती, वेग २,९५०. छ: शिसं नसलेली, चाळीस ग्रेनच्या आतली.

'क' फक्त तुलनेला. पूर्ण आवरणाची गोळी फुलत नाही, कायोटीतून बऱ्याचदा सुईसारखी आरपार जाते आणि जनावर मैलभर धावून कुठेतरी मरतं. शिवाय गोठलेल्या जमिनीवर आपटून उडते. प्लास्टिकच्या टोकाच्या पातळ आवरणाच्या गोळ्या आदळताच फुटतात. या कामासाठी त्या बनल्या आहेत ते याचसाठी.

'च' मागची गोष्ट वेगळी. मॅच गोळी बनवणारेच सांगतात की ती कागदासाठी आहे, जनावरासाठी नाही. मग आणली कशाला? नळीची ऐपत काय ते कळावं म्हणून.

५ ऑक्टोबर

पहाटे रेंजवर. वाऱ्याच्या गावात वारा नसलेला तास म्हणजे सूर्योदयानंतरचा. पुढे रेस्ट, मागे वाळूची पिशवी, १०० यार्ड (९१ मीटर). प्रत्येक नव्या प्रकाराआधी चारपाच गोळ्या मातीच्या बांधात, कारण आधीच्या दारूचा आणि तांब्याचा थर नळीत असेपर्यंत नवा प्रकार खरं बोलत नाही. मधे नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचं.

आज सगळ्यांचे तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप. 'घ' ने जादू केली: तीन भोकं अर्ध्या इंचाहून किंचित जास्त जागेत. 'ख' आणि 'ग' एक इंचाच्या आसपास. 'च' पाऊण इंच. शेजारच्या बाकावरचे गृहस्थ 'घ' चा कागद पाहून म्हणाले, "झालं तुझं काम, याच्या दहा पेट्या घे."

घेतल्या नाहीत.

६ ऑक्टोबर

घरी बसून हिशेब. ग्रुपचं माप म्हणजे सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर. गोळ्यांचा विखुरलेपणा दोन्ही दिशांना सारखा आणि घंटाकृती धरला, एका दिशेचं प्रमाण विचलन σ मानलं, तर ३ गोळ्यांच्या ग्रुपचं सरासरी माप सुमारे २.४σ येतं, ५ गोळ्यांचं ३.१σ, १० गोळ्यांचं ३.८σ. म्हणजे बंदूक तीच, काडतूस तेच. दहा गोळ्या झाडल्या की ग्रुप तीन गोळ्यांच्या दीडपटीहून मोठा होणारच. त्यात कुणाचा दोष नाही.

आणि ही झाली सरासरी. तीन गोळ्यांचं माप या सरासरीभोवती इतकं हेलकावतं (विचलन सरासरीच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त) की खरोखर सव्वा इंचाची रायफल अधूनमधून अर्ध्या इंचाचा कागद हातात देते. लोक तोच पाकिटात जपून ठेवतात आणि वर्षभर दाखवत फिरतात. सहा प्रकारांतून एकाला असा नशिबाचा ग्रुप मिळणं तर अगदी साहजिक. सर्वांत लहान ग्रुप निवडणारा बऱ्याचदा काडतूस निवडत नसतो, योगायोग निवडत असतो.

पुढच्या खेपेपासून दहा-दहा.

१३ ऑक्टोबर

काल आणि आज मिळून सगळ्यांचे दहा गोळ्यांचे ग्रुप, १०० यार्डांवर, इंचांत:

क २.६, ख १.२५; ग १.२, घ १.७, च ०.८, छ १.५.

'घ' चं सोनं दोन दिवसांत पितळ झालं. वाईट नाही, पण पहिल्या दिवशीच्या कागदाचा आणि याचा संबंध नाही. 'च' निर्विवाद पहिला, म्हणजे नळी चांगली आहे आणि उरलेला विखुरलेपणा काडतुसांचा. 'ख' आणि 'ग' मध्ये फरक नाही, १.२५ आणि १.२ यांत भांडण लावणं म्हणजे वर लिहिलेलं सगळं विसरणं.

'क' चा प्रश्न मिटला. डबा सरावाला.

२० ऑक्टोबर

क्रोनोग्राफ (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) मांडला. 'ख' चा वेग माझ्या नळीतून ३,१५० च्या आगेमागे. डब्यावरचे आकडे बहुधा २४ इंची नळीचे असतात, त्यामुळे दोन इंच कमी नळीत एवढी घट अपेक्षित होती.

२ नोव्हेंबर

आज बाक सोडून जमिनीवर बसलो. कायोटी यायचा तेव्हा मी सेजब्रशच्या झुडपाला पाठ लावून, गुडघे वर, रायफल दोन काठ्यांच्या कैचीवर टेकवून बसलेला असणार. तिथे वाळूची पिशवी कोण आणून ठेवणार?

१०० यार्ड, काठ्यांवरून, दहा गोळ्या. 'ख' सव्वातीन इंच. मग 'च': तेही जवळपास तेवढंच!

आधी चकित झालो, मग कागद काढला. स्वतंत्र चुका बेरजेने वाढत नाहीत. त्यांच्या वर्गांची बेरीज होते आणि तिचं वर्गमूळ निघतं. माझ्या बसण्याचा, श्वासाचा, चापाचा वाटा तीन इंचांचा धरला, तर १.२५ इंचाच्या काडतुसाबरोबर एकूण ३.२५ आणि ०.८ इंचाच्या काडतुसाबरोबर ३.१. बाकावर मॅचचं काडतूस दीडपट चांगलं दिसत होतं, बुडाखाली गवत आल्यावर तो फायदा दीड दशांश इंच उरला. भोकाच्या रुंदीहूनही कमी.

आता जनावर किती मोठं ते. कायोटीच्या छातीत काळीज-फुप्फुसाची जागा पाच-सहा इंच. रेड फॉक्स हिवाळी केसांमुळे गुबगुबीत दिसतो, पण केस वजा केले की आत पाच किलोच्या आसपासचं हाडकुळं शरीर असतं आणि नेमाची जागा जेमतेम तीन इंच. म्हणून काठ्यांवरून माझी हद्द कायोटीला दीडशे यार्ड, फॉक्सला शंभरच्या आत. आडवं झोपून, बायपॉडवर (नळीखालच्या दोनपायी टेकूवर) असेन तर दोनशे. या मर्यादा काडतुसाने ठरवलेल्या नाहीत, मी ठरवल्या आहेत. महागडी पेटी आणून त्या हलणार नाहीत. काठ्यांवरचा सराव वाढवला तर हलतील.

'च' इथेच बाद. ०.८ चा उपयोग नाही आणि गोळी फुलेल याची खात्री नाही.

१६ नोव्हेंबर

उरले ख, ग, घ, छ.

'घ' ची चाळीस ग्रेनची गोळी फॉक्सला उत्तम. आत फुटते, बाहेर येत नाही, कातडं शाबूत राहतं. पण कायोटीच्या खांद्याच्या हाडावर इतकी हलकी, इतकी वेगवान गोळी वरवरच फुटण्याचा धोका असतो. मोठी जखम, आत काही नाही, आणि जनावर पळालेलं. मला दोन्हीसाठी एकच काडतूस हवंय, कारण पुढून काय येणार ते आधी ठाऊक नसतं. 'घ' बाद.

'छ' वर जास्त वेळ घालवला. शिशाची गोळी फुटली की बारीक कण मांसात पसरतात. मेलेला कायोटी माळावर पडून राहिला तर त्यावर सोनेरी गरुड उतरतात, आणि शिसं त्यांच्या पोटात जातं. वायोमिंगात हिवाळ्यात सोनेरी गरुड भरपूर. बिनशिशाची गोळी हा सरळ उपाय. पण माझ्या नळीत दीड इंच आणि गोळी इतकी हलकी की वाऱ्यात पाचोळा. तूर्त ठरवलंय की मारलेलं जनावर उघड्यावर सोडायचं नाही, प्रत्येक वेळी उचलून न्यायचं. चांगली बिनशिशाची पेटी सापडली तर हा निर्णय बदलायला मी तयार आहे.

१४ डिसेंबर

ख आणि ग मधला निवाडा थंड नळीवर सोपवला होता. शिकारीत गोळी एकच असते, पहिली, रात्रभर गारठलेल्या नळीतून. दहाव्या गोळीला नळी किती नेमकी आहे याच्याशी कायोटीला देणंघेणं नाही. म्हणून दोन कोरे कागद केले, एक 'ख' चा आणि एक 'ग' चा. दर खेपेला गाडीतून थंडगार रायफल काढायची, त्या दिवशीच्या पाळीच्या कागदावर एकच गोळी, कागद घडी करून परत. मधे नळी साफ करायची नाही; घासून चकचकीत केलेल्या नळीतली पहिली गोळी हमखास वेगळीकडे जाते. ज्याची पाळी असेल त्याच्याच गोळ्या आदल्या खेपेला शेवटी झाडलेल्या, म्हणजे नळीत थर त्याचाच.

महिनाभराच्या या पहिल्या गोळ्या एकत्र पाहिल्या तर 'ख' चा कागद दीड इंचात आवरलेला, मध्य बाकावरच्या ग्रुपच्या मध्याशी जुळणारा. 'ग' ची पहिली गोळी बहुतेकदा वर-उजवीकडे, दीड-दोन इंच. नंतरच्या गोळ्या शहाण्यासारख्या मध्यात येतात. कारण काय ते शोधत बसलो नाही. नळीला तसं वाटतं.

'ग' च्या बाजूने एकच भक्कम मुद्दा होता, वारा. समुद्रसपाटीला, ताशी १० मैलांच्या आडव्या वाऱ्यात, २०० यार्डांवर 'ख' साडेचार इंच सरकते, 'ग' साडेतीन. लॅरमीच्या विरळ हवेत दोन्ही आकडे पाचव्या हिश्शाने उतरतात: पावणेचारच्या आत आणि तीनच्या आत. फरक पाऊण इंच. वाऱ्याचा माझा अंदाज पाच मैलांनी चुकला (आणि तो चुकतोच), तर दोन इंच तिथेच जातात.

'ख' ठरलं. ५५ ग्रेन, प्लास्टिकचं टोक. दुकानातलं सगळ्यात सामान्य काडतूस. एवढा खटाटोप करून हेच निघालं यावर बायको हसली.

एकाच लॉट नंबरचे, म्हणजे कारखान्यातल्या एकाच खेपेचे, होते तेवढे डबे उचलले.

२१ डिसेंबर

झीरो, म्हणजे दुर्बिणीतला नेम आणि गोळी जिथे जुळतात ते अंतर, २०० यार्डांवर. १०० ला सव्वा ते दीड इंच वर, ३०० ला सात इंचांच्या आसपास खाली. ३०० वर मी झाडणार नाही, तरी लिहून ठेवलंय. उणे १५ सेल्सिअसला क्रोनोग्राफ पुन्हा: वेग पन्नासेक फुटांनी कमी. दोनशे यार्डांवर त्याने गोळी पाव इंच खाली जाईल. दुर्लक्ष.

११ जानेवारी २०२५

रँचवर. पश्चिमेचा वारा, आठ-दहा मैल. कायोटी आवाजाच्या वाऱ्याखालून, म्हणजे वारा जिकडे वाहतो त्या बाजूने, वास घेत येतो, म्हणून ससा कण्हल्याचा आवाज काढणारं यंत्र वारा येतो त्या बाजूला थोडं दूर ठेवलं आणि वाऱ्याखालची उघडी जागा समोर येईल असा बसलो. पाठीमागे नव्हे तर पुढे टेकाड, म्हणजे चुकलेली गोळी मातीत जाईल. कळप आणि पांढरे कुत्रे टेकडीपलीकडे, आजोबांना फोन करून खात्री केलेली.

वीसेक मिनिटांत एक आला. अंतरमापकावर १३० यार्ड. तोंडाने भुंकलो तसा थबकला, आडवा. खांद्यामागे एक गोळी. जागेवर बसला.

तपासलं: आत जाण्याचं भोक बोटाच्या टोकाहून लहान, बाहेर येण्याचं नाही. दोन्ही फुप्फुसं गेलेली. गोळी बरगडी ओलांडून मग फुटली, हवी होती तशी. कातडं आजोबांच्या ओळखीच्या माणसाने नेलं, धड पिकअपमधून कचरा डेपोत. माळावर काही ठेवलं नाही.

२६ जानेवारी

संध्याकाळी नव्वद यार्डांवर एक लहान फॉक्स. दुर्बिणीत शेपटीचं टोक काळं, अंग मांजरापेक्षा फार मोठं नाही. स्विफ्ट फॉक्स. रेड फॉक्सच्या शेपटीचं टोक पांढरं आणि पाय काळे असतात. थोडा वेळ यंत्राभोवती घुटमळला, वास घेऊन गेला.

८ फेब्रुवारी

जुन्या लॉटचे डबे संपत आले म्हणून त्याच 'ख' चे नवे आणले. डबा तोच, रंग तोच, वजन-वेग तेच छापलेलं, फक्त लॉट नंबर वेगळा. बाकावरून दहा गोळ्या: १.६ इंच, आणि मध्य जुन्याच्या पाऊण इंच खाली. दुसऱ्यांदा दहा: १.५५. त्याच सकाळी जुन्या लॉटचे दहा: १.३.

कारखाना दारूची खेप बदलतो, काडतुसाचं पितळी कवच बदलतो, वेग छापल्याप्रमाणे जुळवून घेतो. नळीतलं वागणं जुळवत नाही. १.६ ने कायोटीला काही फरक पडणार नाही, काठ्यांवरच्या हिशेबात तर दिसणारही नाही. मध्य सरकलाय त्याची मात्र दखल घ्यायला हवी.

शायान शहरातल्या एका दुकानात जुन्या लॉटचे चार डबे आहेत, फोन करून बाजूला ठेवायला सांगितले. ते आले की नवी लॉट काठ्यांवरच्या सरावाला, जुनी रँचला. झीरो जुन्याचाच ठेवतोय. एप्रिलच्या आत बिनशिशाच्या पन्नास ग्रेनच्या एका प्रकाराचे दहा-दहाचे दोन ग्रुप आणि थंड नळीचा एक कागद करायचाय.